अँक्झायटीचं औषध लागू पडेपर्यंत: पहिल्या भेटीच्या तयारीपासून गोळी बंद करण्यापर्यंत

"चार डॉक्टर झाले, एकही गोळी लागू पडली नाही," असं सांगणाऱ्याच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून पाहिल्या की बहुतेक वेळा सारखंच चित्र दिसतं. पहिली गोळी बारा दिवस घेतली, मळमळलं म्हणून बंद. दुसरी तीन आठवडे, तीही सुरुवातीच्या लहान डोसवरच. तिसरी कुणीतरी सुचवलेली झोपेची, ती मात्र दीड वर्ष चालू. औषधं तीन झाली खरी, पण धड तपासून एकही पाहिलेलं नाही.

औषध तपासायचं म्हणजे एका वेळी एकच औषध, पुरेशा डोसला, पुरेसे आठवडे घ्यायचं आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. यातली एक गोष्ट जरी सुटली, तरी कितीही हुशार डॉक्टर अंदाजच बांधत राहतो. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

मिलिग्रॅमचे आकडे हातातली चिठ्ठी समजावी म्हणून दिले आहेत. वय, लिव्हर, किडनी, हृदय, गरोदरपण यांप्रमाणे डोस बदलतो, त्यामुळे त्यावरून स्वतः डोस ठरवू नका.

## टप्पा १: भेटीआधीचे आठ दिवस

एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण डॉक्टरांसमोर पटकन उघडता आलं पाहिजे.

त्रासाची नोंद. दर वेळी चारच गोष्टी लिहा: किती वाजता, किती मिनिटं, त्या वेळी काय चालू होतं, आणि त्यावर तुम्ही काय केलंत. "दिवसभर टेन्शन" या नोंदीतून काही हाती लागत नाही. "सकाळी ८.१०, स्टेशनच्या जिन्यावर, धडधड आणि हातापायांना मुंग्या, १५ मिनिटं, लोकल सोडून घरी परतलो" या एका ओळीत निदानाचा अर्धा भाग येतो.

पोटात जाणाऱ्या सगळ्याची यादी. इथेच सर्वाधिक गफलत होते, कारण 'औषध' म्हटल्यावर लोकांना फक्त बीपी-शुगरच्या गोळ्या आठवतात. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, थिओफिलिनच्या गोळ्या, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड, सर्दीच्या गोळ्यांमधलं फिनाइलएफ्रिन, थायरॉइडची जरा जास्त झालेली गोळी, जिमला जाण्याआधीची कॅफिनवाली पावडर, या सगळ्यांनी धडधड आणि थरथर होते. काढे, चूर्णं आणि वजन कमी करायची औषधंही लिहा.

चहा, तंबाखू, दारू. कप मोजा. तंबाखू, मिश्री, गुटखा लपवू नका. दारूचं तर खरंच सांगा. संध्याकाळी दोन पेगांनी जीव शांत होतो आणि पहाटे तीन-चारला दुप्पट घाबरून जाग येते. हे न सांगता घेतलेलं औषध कधी नीट बसत नाही. शिवाय पुढे सांगितलेल्या काही गोळ्या दारूसोबत थेट धोकादायक आहेत.

घरचा इतिहास. आई-वडील, भावंडं, मामा-मावशी यांपैकी कुणाला थायरॉइड, नैराश्य, बायपोलर (मनःस्थिती कधी टोकाच्या उत्साहात, कधी नैराश्यात जाणारा आजार), अचानक हृदयविकार? कुणाला एखाद्या गोळीने चांगला गुण आला असेल तर तिचं नाव. उपयोगी माहिती आहे.

> तपासा: जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लागले का? चिठ्ठी हरवली असेल तर स्ट्रिपचा फोटो किंवा मेडिकलचं बिलही चालतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराच्या मूलभूत नोंदी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. आधीच्या दवाखान्यातून त्या मागून घ्या.

## टप्पा २: कुणाकडे जायचं, कुठल्या तपासण्या

औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक थेरपी देतात, गोळ्या लिहीत नाहीत. तीव्र त्रासात दोघंही लागतात. फॅमिली डॉक्टर सुरुवात करून देऊ शकतात, पण दुसऱ्या औषधाची वेळ आली की तज्ज्ञाकडे गेलेलं बरं.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग पाहा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीची संस्था इथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. नाव ऐकून लोक बिचकतात. तिथे केसपेपर काढला म्हणजे कुणी भरती करून घेत नाही.

गोळी सुरू होण्याआधी सहसा टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तातली साखर आणि बी-१२ पाहतात. वाढलेला थायरॉइड हुबेहूब अँक्झायटीसारखा दिसतो. हृदयाचा जुना त्रास, वय जास्त किंवा चक्कर येऊन पडण्याचा इतिहास असेल तर ईसीजी. साठीच्या पुढे, त्यातही बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन चालू असेल, तर सोडियमही. याचं कारण टप्पा ५ मध्ये येईल.

> इशारा: ईसीजी, टूडी-इको एकदा नॉर्मल आल्यावर दर महिन्याला 'खात्रीसाठी' पुन्हा करू नका. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येते. ही तपासणीची ओढ आजाराचाच भाग असते. डॉक्टरांना तीही सांगा.

## टप्पा ३: पहिली भेट

सरकारी ओपीडीत गर्दी असते, खासगीतही वेळ मोजकाच. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत वही पुढे करा आणि तीन गोष्टी बोला: त्रास कधीपासून, कसा, आणि त्यापायी तुम्ही काय करणं सोडलंत. लोकल सोडली, वर्गात उत्तर देणं सोडलं, लग्नकार्याला जाणं सोडलं. तीव्रता कळते ती या सोडलेल्या गोष्टींवरून.

कारण 'अँक्झायटी' या एका शब्दात बरेच आजार दडलेले आहेत. दहा मिनिटांत शिगेला जाणारे झटके म्हणजे पॅनिक. त्यात औषध नेहमीपेक्षा लहान डोसने सुरू करतात. सहा महिने रोज कशाची ना कशाची काळजी, मान आखडलेली, झोप तुटक, हा सर्वसाधारण चिंताविकार. कुलूप दहा वेळा पाहणं, हात पुन्हा पुन्हा धुणं हे ओसीडीकडे बोट दाखवतं. तिथे तीच औषधं मोठ्या डोसला आणि जास्त आठवडे लागतात. पोटात गोळा येतो म्हणून वर्षभर गॅसच्या गोळ्या खाणारेही इथेच येऊन पोहोचतात.

विचारलं नाही तरी या गोष्टी आपणहून सांगा:

- सलग चार-पाच दिवस दोन-तीन तास झोपूनही अंगात उत्साह, बडबड, उधळपट्टी असं कधी झालं होतं का. असेल तर बायपोलरची शक्यता येते आणि अँक्झायटीच्या नेहमीच्या गोळीने तो उसळू शकतो.
- जीव नकोसा वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार.
- गरोदरपण, त्याची तयारी किंवा अंगावर पाजणं. गरोदरपणात सर्ट्रालिनकडे कल असतो, पॅरोक्सेटिन सहसा टाळतात. दिवस राहिल्याचं कळताच भीतीने गोळी फेकून देणं मात्र चूक. आधी फोन करा.
- दमा, काचबिंदू, फिट्स, लिव्हरचा आजार.

घरच्या एका माणसाला सोबत न्या. सल्ला द्यायला नको, ऐकायला हवा. आठवडाभराने "कशाला त्या मेंदूच्या गोळ्या, सवय लागेल" असं घरातून सुरू झालं की ज्याने डॉक्टरांकडून ऐकलंय तोच उत्तर देऊ शकतो.

> उठण्याआधी तपासा: चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आहे का? कोणती गोळी रोजची, कोणती गरजेपुरती? डोस कधी वाढवायचा? पुढची भेट कोणत्या तारखेला? मध्येच त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? पाचही उत्तरं वहीत लिहा.

## टप्पा ४: चिठ्ठी वाचायला शिका

बहुतेक चिठ्ठ्यांवर दोन प्रकारची औषधं असतात. त्यांची कामं अगदी वेगळी आहेत, आणि त्यांची अदलाबदल हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

पहिला प्रकार: पाया घालणारी गोळी. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन हा एक गट; व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन हा दुसरा. ही रोज घ्यायची, त्रास असो वा नसो. गुंगी आणत नाही, नशा देत नाही, आणि पहिल्या दिवशी काहीच करत नाही. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा ते आठ. एस्सिटालोप्राम सहसा ५ ने सुरू होऊन १० ला जाते, गरज पडली तर २० ला. सर्ट्रालिन २५ वरून ५० ला, पुढे टप्प्याटप्प्याने वर, कमाल २००. व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ वरून ७५ आणि पुढे. तिच्यासोबत बीपी मोजत राहावं लागतं, कारण मोठ्या डोसला तो वाढू शकतो.

दुसरा प्रकार: तात्पुरता आधार. क्लोनाझेपाम ०.२५ किंवा ०.५, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, इटिझोलाम. अर्ध्या-एक तासात जीव थाऱ्यावर येतो, म्हणूनच ही 'खरी' गोळी वाटते आणि पहिली 'फुकटची'. मग पेशंट पहिली सोडतो आणि दुसरी धरतो. तिची योग्य जागा सुरुवातीचे दोन ते चार आठवडे, पाया भरेपर्यंत. पुढे रोज घेत गेलं की शरीराला सवय लागते, तेवढ्याच डोसने भागत नाही, आणि एकदम बंद केली तर घबराट दुप्पट होते, क्वचित फिटही येते.

जोडगोळीची गंमत. आपल्याकडे एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकाच गोळीत मिळतं. सोयीचं आहे, पण महिन्याने फक्त क्लोनाझेपाम उतरवायचं ठरलं तर त्या गोळीतून ते वेगळं काढणार कसं? चिठ्ठीवर अशी जोडगोळी दिसली तर "दोन्ही सुट्या देता येतील का?" असं सरळ विचारा. डॉक्टरांना यात राग येण्यासारखं काही नाही.

इतर नावं. प्रोप्रॅनोलॉल धडधड आणि थरथर थांबवतं, काळजी नव्हे. भाषणाआधी, तोंडी परीक्षेआधी उपयोगी, दमा असेल तर वर्ज्य. बस्पिरोन सवय न लावणारं, पण दिवसातून दोन-तीनदा नेमाने घ्यावं लागतं. प्रीगॅबालिन आणि हायड्रॉक्सिझिन काहींना जोडून देतात; दोन्हींनी झोप येते.

> मेडिकलमध्ये तपासा: एकाच ब्रँडच्या नावापुढे 'प्लस', 'फोर्ट' असं शेपूट लागलं की आतलं औषध किंवा डोस बदलतो. ब्रँड बदलून मिळाला तर घाबरू नका, पण स्ट्रिपवर बारीक अक्षरातलं मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. ओळखीच्या मेडिकलमध्ये मिळतात म्हणून घेत राहिलात तर डोस बघणारं कुणीच उरत नाही.

आखातात नोकरीसाठी जाणाऱ्यांनी क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारखी गोळी तशीच बॅगेत टाकू नये. संयुक्त अरब अमिरातीत अशा नियंत्रित औषधांसाठी आधी परवानगी काढावी लागते. चिठ्ठीची इंग्रजी प्रत सोबत हवी.

## टप्पा ५: पहिले चौदा दिवस

सर्वाधिक लोक इथे गळतात, कारण बरं वाटण्याआधी थोडं बिघडतं. मळमळ, डोकेदुखी, पातळ संडास, जांभया, घाम, झोप उडणं किंवा जास्त येणं, आणि काही दिवस वाढलेली अस्वस्थता. यातलं बरंचसं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. पॅनिकवाल्यांना ही वाढ जास्त जाणवते. म्हणून लहान डोसने सुरुवात.

1. गोळी जेवणानंतर, रोज ठरल्या वेळी. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. बदल करण्याआधी फोन करून विचारा.
2. विसरलात तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत.
3. क्लोनाझेपाम चालू असताना पहिले काही दिवस दुचाकी बाजूला. दारू पूर्ण बंद: दोन्ही मिळून श्वास मंदावतो.
4. चहा-कॉफी हळूहळू कमी करा. एकदम तोडलीत तर डोकं दुखेल आणि दोष गोळीला जाईल.
5. याच आठवड्यांत दुसरं काही नवं सुरू करू नका. नवा काढा, नवी डाएट आणि नवी गोळी एकत्र आली की कशाने काय झालं ते कळत नाही.

दुखलं-खुपलं तर दुसऱ्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगा. ट्रामाडॉल, लिनेझोलिड, डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं औषध यांच्याशी पहिल्या प्रकारच्या गोळ्यांचा वाद आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांच्यासोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. एस्सिटालोप्रामवर असताना अझिथ्रोमायसिन किंवा उलटीचं ऑनडॅनसेट्रॉन दिलं जात असेल तर हृदयाच्या ठोक्यांच्या दृष्टीने विचारून घ्या.

> त्याच दिवशी डॉक्टर गाठा: आत्महत्येचे विचार येणं किंवा वाढणं (पंचविशीच्या आतल्यांकडे पहिले आठवडे घरच्यांनी खास लक्ष ठेवावं), एका जागी बसवेना अशी तडफड, झोपेशिवाय उसळलेला उत्साह, अंगावर पुरळ, वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं (गोळीने रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं).
> थेट हॉस्पिटल: डोस वाढवल्यावर किंवा नवं औषध जोडल्यावर काही तासांत ताप, थरथर, स्नायूंचे झटके, जुलाब, भ्रम.
> टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

## टप्पा ६: तिसरा ते आठवा आठवडा

आता मोजायचं. जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. सुरुवातीला एकदा आणि मग दर दोन आठवड्यांनी ठरल्या वारी भरा. १८ वरून ११ म्हणजे औषध काम करतंय, डोस किंवा वेळ कमी पडतोय. १८ वरून १७ म्हणजे वेगळा विचार. "थोडं बरं आहे" एवढ्याने डॉक्टरांना यातलं काहीच कळत नाही.

आकड्याच्या जोडीला सोडलेल्या गोष्टींची यादी काढा. त्यातली कोणती परत सुरू झाली? बऱ्याचदा मन "काही फरक नाही" म्हणत असतं आणि वही सांगते की या आठवड्यात तीनदा लोकलने गेलात.

चार आठवड्यांत किंचितही हालचाल नसेल तर डोस वाढवायचा की नाही हा प्रश्न भेटीत काढा. लहान डोसवरच आठ आठवडे काढणं म्हणजे वेळ वाया घालवणं. पासष्टीच्या पुढे मात्र एस्सिटालोप्राम सहसा १० च्या वर नेत नाहीत.

एक विषय पेशंट काढत नाहीत आणि डॉक्टरही विसरतात: कामेच्छा कमी होणं, वीर्यपतन किंवा तृप्ती लांबणं. या गोळ्यांनी हे बऱ्याच जणांना होतं आणि कित्येकजण न सांगता गोळी सोडतात ती यामुळेच. "शरीरसंबंधात अडचण येतेय" एवढं एक वाक्य पुरे. डोस, वेळ किंवा औषध बदलून मार्ग निघू शकतो.

आणि थेरपी याच काळात सुरू करा. गोळीने धडधड उतरते, पण जिना टाळायची लागलेली सवय आपोआप जात नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, त्या सवयीवर काम करते.

## टप्पा ७: बदलायचं की जोडायचं

पुरेसा डोस आणि सहा ते आठ आठवडे झाल्यावरच "लागू पडलं नाही" म्हणा. त्याआधी हे तपासा: आठवड्यात किती गोळ्या चुकल्या, दारू किंवा दम्याचा पंप चालू आहे का, थायरॉइड पाहिला का, निदान बरोबर आहे का.

साधारण क्रम असा: पहिल्या गटातलं एक औषध, ते न जमल्यास त्याच गटातलं दुसरं किंवा व्हेन्लाफॅक्सिन-ड्युलोक्सेटिनपैकी एक (लिव्हर बिघडलेलं असेल तर ड्युलोक्सेटिन टाळतात). अर्धा गुण आला असेल तर आहे ते ठेवून दुसरं जोडण्याचा विचार. एका गोळीने त्रास झाला म्हणून त्याच गटातली दुसरी तशीच वागेल असं नाही.

बदलताना जुनी कशी उतरवायची आणि नवी कधी सुरू करायची, हे तारखांसह लिहून घ्या. "हळूहळू कमी करा" ही सूचना घरी आल्यावर प्रत्येकजण वेगळी वाचतो. आणि डॉक्टर बदलायचे असतील तर फाइल घेऊन जा, म्हणजे नवे डॉक्टर पहिल्या पायरीपासून सुरू करणार नाहीत.

## टप्पा ८: चालू ठेवणं आणि उतरवणं

बरं वाटू लागल्यावर गोळी साधारण वर्षभर चालू राहते. तिसऱ्या महिन्यात "आता कशाला" म्हणून बंद करणं हे त्रास उलटण्याचं नेहमीचं कारण.

बंद करायची वेळ निवडा: परीक्षा, बदली, घरातलं लग्न, पेरणी-कापणीची धांदल यांत नको. एस्सिटालोप्राम १० वरून ५, काही आठवडे थांबून २.५, मग बंद, असा उतार असतो. शेवटच्या पायऱ्या जास्त सावकाश, कारण लहान डोसचाही मेंदूवर परिणाम बराच मोठा असतो. १० वरून ५ सहज जमतं आणि ५ वरून शून्यावर येताना लोक अडखळतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन उतरवायला सगळ्यात त्रासदायक, फ्लुऑक्सेटिन सगळ्यात सोपं. व्हेन्लाफॅक्सिनच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चावू किंवा चुरू नका. क्लोनाझेपाम अनेक महिने झालं असेल तर दर दोन आठवड्यांनी थोडं-थोडंच कमी करतात. जोडगोळी असेल तर आधी सुट्या गोळ्यांवर या.

> तपासा, बंद केल्याचा त्रास की आजार परतला? दोन-चार दिवसांतच चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, विचित्र स्वप्नं, चिडचिड, हा बहुधा गोळी कमी झाल्याचा त्रास. आधीच्या डोसवर गेलं की तो लवकर शमतो, मग उतार आणखी सावकाश करतात. आठवड्यांनी-महिन्यांनी हळूहळू जुनीच काळजी, जुनंच टाळणं सुरू झालं तर आजार परततोय.

बंद केल्यावरही सहा महिने महिन्यातून एकदा जीएडी-७ भरा. आकडा सलग दोनदा दहाच्या वर गेला तर भेट घ्या, आणि जाताना जुनी फाइल न्या. कोणत्या गोळीने, किती डोसला, कितव्या आठवड्यात गुण आला होता हे त्यात लिहिलेलं असेल तर डॉक्टर सहसा तिथूनच पुन्हा सुरुवात करतात.